व्हॅम्पायरची कुळं एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात, तरी एकाच गुप्त पंथात कशी काय टिकतात?

तुमचा प्रश्न असा की ‘व्हॅम्पायर: द मास्करेड’ या खेळात कॅमरिला हा एकच पंथ, आत मुळात सात कुळं, सातही एकमेकांना पाण्यात पाहतात, मग पंथ फुटत का नाही? आणि मराठीत असं काही लिहायचं तर सुरुवात कुठून करावी? मी जळगावचा. आम्ही पाच जण काही वर्षं शनिवारी रात्री हा खेळ खेळतोय. टेबलाभोवती बसून प्रत्येकाने एकेका व्हॅम्पायरचं सोंग घ्यायचं, बोलत बोलत गोष्ट पुढे न्यायची, अडलं की फासे टाकायचे. गोष्ट सांगणारा निवेदक बहुतेक वेळा मीच असतो. त्यामुळे उत्तर पुस्तकातलं कमी, टेबलावरचं जास्त.

एका शब्दात सांगतो: भाऊबंदकी.

चार भाऊ एका वाड्यात राहतात. चुली चार, दरवाजा एक. आत बोलणं बंद, विहिरीच्या पाळीवरून कोर्टात तारखा चालू. पण बाहेरचा माणूस ओट्यावर येऊन बसला की चौघंही ‘बसा, चहा घ्या’ म्हणतात आणि घरातलं एक अक्षर बाहेर जाऊ देत नाहीत. कॅमरिलाच्या बाबतीत बाहेरचे म्हणजे आपण, जिवंत माणसं. खेळाच्या कथेत पंधराव्या शतकात युरोपात व्हॅम्पायरांना हुडकून जाळणं सुरू होतं, म्हातारे स्वतःची कातडी वाचवायला पोरांना पुढे ढकलतात आणि पोरं उलटतात. त्या दुहेरी आगीतून हा पंथ उभा राहतो. १४९३ साली इंग्लंडात थॉर्न्स इथे बंडखोरांशी तह होतो आणि घडी बसते. पंथाचे कायदे सहा. त्यातला पहिला: आपण आहोत हे माणसांना कळता कामा नये. मास्करेड ते हेच. आम्ही त्याला सरळ ‘सोंग’ म्हणतो.

पण नुसती भीती पाचशे वर्षं पुरत नाही. रोजच्या रोज धरून ठेवतं ते देणं-घेणं, आणि हे मला खेळाच्या पुस्तकातून नाही, आमच्या घरातल्या आहेराच्या वहीतून कळलं.

आमची आणि आमच्या एका भावकीची बांधावरून केस आहे. मी शाळेत होतो तेव्हापासून. समोरासमोर आले तर रस्ता बदलतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. मला वाटलं, आई फाडून टाकेल. आईने कपाटातून जुनी वही काढली, लाल कापडी पुठ्ठ्याची, कडा उंदराने खाल्लेली. माझ्या आत्याच्या लग्नातलं पान उघडलं. त्यांच्या नावापुढे लिहिलेलं: ‘रोख ५१, पातेलं १.’ मी म्हटलं, केस चालू आहे ना? तर आजी पलंगावरून अहिराणीत म्हणाली, “केस येगळी, आहेर येगळा. परत करनं पडी.” आई गेली, पाकीट दिलं, जेवली आणि कोणाशी न बोलता परत आली.

कॅमरिलात हुबेहूब हेच चालतं. एका व्हॅम्पायरने दुसऱ्यावर केलेला उपकार म्हणजे ‘बून’, आणि त्याला प्रतवारी असते, क्षुल्लक कामापासून थेट जीवदानापर्यंत. कोणाचं कोणाकडे काय राहिलंय हे ध्यानात ठेवणाऱ्या व्हॅम्पायरांना ‘हार्पी’ म्हणतात. प्रत्येक गल्लीत एक काकू असतेच जिला कोणी कोणाच्या लग्नात काय दिलं ते पाठ असतं, तीच ही. देणं नाकारणाऱ्याला कोणी मारत नाही, पण पुढच्या वेळी त्याच्या हाकेला कोणी धावत नाही. आता विचार करा: ज्याच्याकडे तुमचं जीवदान येणं आहे, त्याला तुम्ही मरू कसं द्याल? वैरी जिवंत हवा, नाहीतर वसुली बुडाली.

सात कुळांची यादी मी देणार नाही, ती कुठेही मिळेल. लक्षात एवढंच ठेवा की प्रत्येक कुळाला एक खोड आहे आणि ती बाकी सहांना माहीत आहे. व्हेंट्रू राज्यकर्ते, पण रक्त एकाच ठराविक प्रकारच्या माणसाचं चालतं. आमच्यातल्या एकाचा व्हेंट्रू फक्त नाइट ड्यूटीवरच्या रेल्वे कर्मचाऱ्यांचं पितो, त्यामुळे भुसावळ सोडून कुठे जाताच येत नाही बिचाऱ्याला. नॉस्फेरातू दिसायला भयंकर, म्हणून गटारात, यार्डाच्या खाली. पण गावातली प्रत्येक बातमी त्यांच्याकडे. टोरिआडोर कलेचे भोक्ते, सुंदर काही दिसलं-ऐकलं की जागच्या जागी खिळतात.

ट्रेमिअर कुळावर मात्र दोन शब्द जास्त. हे मुळात व्हॅम्पायर नव्हतेच. माणसांतले जादूगार. अमर व्हायचं म्हणून अकराव्या शतकात त्यांनी ट्रान्सिल्व्हेनियातल्या त्झिमिशे कुळाचे व्हॅम्पायर पकडून त्यांच्यावर प्रयोग केले आणि स्वतःच व्हॅम्पायर होऊन बसले. पुढे ११३३ मध्ये त्यांच्या म्होरक्याने सौलोट नावाच्या, एका कुळाच्या मूळपुरुषालाच पिऊन टाकलं. म्हणजे दत्तक म्हणून घरात घुसायचं आणि आजोबांच्या नावचा सातबारा स्वतःच्या नावावर करायचा. अशांना पंथात घेतलं का? कारण रक्ताची जादू त्यांच्याकडे आहे आणि बाकीच्यांना तिची गरज पडते. कोणीही त्यांच्या पंगतीला शेजारी बसत नाही, पण रात्री-अपरात्री दार त्यांचंच वाजवतात. माझ्या मते सगळ्या खेळातलं सर्वांत चांगलं रचलेलं कुळ हेच.

वाडा कधीच फुटत नाही असंही नाही. सातांतलं गँग्रेल कुळ एकदा निघून गेलं, खेळाच्या २०१८ च्या पाचव्या आवृत्तीत ब्रूहा कुळही बाहेर पडलं. वाटण्या होतातच.

आता तुमच्या लिहिण्याबद्दल. आपल्या गोष्टीतली भुतं एकांडी. मुंजा आपल्या पिंपळावर एकटा, हडळ आपल्या विहिरीपाशी एकटी. त्यांची सभा नाही, हिशेब नाही. तेव्हा तिथून सुरुवात करू नका, बांध कोरण्यापासून करा. खेळात शहराच्या प्रमुखाला प्रिन्स म्हणतात (राजपुत्र असं भाषांतर करू नका, तो धनी असतो, आम्ही आधी ‘पाटील’ ठेवलं होतं, पण पाचांतले दोघं आडनावाने पाटील, दर वाक्याला दोघं मान वर करायचे). तो कोणाला कुठे शिकार करता येईल ते वाटून देतो. आमच्या खेळात सगळं भांडण भुसावळ जंक्शनचं आहे. रात्रभर गाड्या, रात्रभर परका माणूस, एखादा प्रवासी बाकावर जरा जास्त वेळ झोपला तर विचारतो कोण? ज्याच्याकडे स्टेशन, त्याचं घर भरलेलं.

म्हातारे हवे असतील तर खानदेशात वानवा नाही. फारुकी सुलतानांचं राज्य १३८२ मध्ये सुरू झालं आणि १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेतल्यावर संपलं. तापीकाठी थाळनेरला त्यांची थडगी आजही आहेत. आमचा एक व्हॅम्पायर तिथे जमिनीखाली झोपलाय. तो फारुकींच्या पहिल्या पिढीतला, म्हणजे कॅमरिलापेक्षाही जुना. तिचे कायदे त्याने कधी मान्य केलेच नाहीत. तो जागा होऊ नये एवढ्याच एका मुद्द्यावर आमच्या कुळांचं एकमत आहे.

आणि वैर म्हणजे तलवारी नव्हेत. मागच्या महिन्यातलं सांगतो. नॉस्फेरातूला स्टेशनच्या एक नंबर प्लॅटफॉर्मवर शिकार करायला टोरिआडोरची संमती हवी होती, तो देईना. नॉस्फेरातूने काय करावं? वरातीच्या बँडमधला एक क्लॅरिनेटवाला गाठला आणि पहाटे चारला टोरिआडोरच्या गच्चीखाली वाजवायला बसवला. टोरिआडोर ऐकत गच्चीवर उभा. मे महिना, पावणेसहाला उजाडतं, आणि ऊन लागलं की व्हॅम्पायर जळून खाक. मी फासे टाकायला सांगितले, त्याचे सगळे दहा बाजूंचे फासे पडेल निघाले. सव्वापाच, साडेपाच, क्लॅरिनेट चालूच. खेळणारा खुर्चीतून उठून उभा राहिला होता. पाच चाळीसला नॉस्फेरातू स्वतः जिना चढून वर आला, त्याला घोंगडीत गुंडाळलं आणि खाली ओढत नेलं.

जीवदान. वहीत लिहिलं गेलं. हार्पीला सगळा डाव माहीत आहे, तरी नोंद ती नोंद.

नॉस्फेरातूवाल्याने ते अजून वसूल केलेलं नाही. प्लॅटफॉर्मचं नावही काढत नाही. दर शनिवारी टोरिआडोरवाला आल्या आल्या विचारतो, “भो, आज मागतोस का?” आणि तो शेवभाजीत भाकरी कुस्करत म्हणतो, “बघू. घाई काय आहे?”