गणपतराव देशमुख एकाच मतदारसंघातून ११ वेळा आमदार कसे झाले? साधेपणा सोडून त्यांचं नेमकं काम काय?

प्रश्नातलं 'साधेपणा सोडून' वाचून बरं वाटलं. कारण आबासाहेबांवर (सांगोल्यात, म्हणजे त्यांच्या मतदारसंघात, त्यांना सगळे आबासाहेबच म्हणायचे) काही लिहायचं म्हटलं की लोक एसटीत बसलेला फोटो टाकतात, खाली 'असे आमदार पुन्हा होणे नाही' लिहितात, झालं काम. एसटीने फिरायचे हे खरंच आहे, त्यात खोटं काही नाही, पण नुसतं एसटीने फिरतो म्हणून कुणाला लोक पन्नास वर्षं मतं देत नाहीत हो. तसं असतं तर निम्मे कंडक्टर आज विधानसभेत असते.

आधी माझं सांगून टाकतो म्हणजे नंतर कमेंटमधे भांडण नको. माझं आजोळ सांगोला तालुक्यातलं, मामाची डाळिंबाची बाग आहे. मी पुण्यात वाढलो त्यामुळे तिथला मतदार कधीच नव्हतो, पण उन्हाळ्याची सुट्टी तिकडेच जायची आणि घरात एक मामा शेकापचा (आबासाहेबांचा शेतकरी कामगार पक्ष) तर दुसरा त्यांचे विरोधक शहाजीबापू पाटलांचा, म्हणजे दोन्ही बाजू जेवणाच्या ताटावरच ऐकायला मिळायच्या. आबासाहेबांना मी फक्त सभेत लांबून पाहिलंय, ओळखबिळख काही नाही.

जन्म १० ऑगस्ट १९२६चा, गाव पेनूर, म्हणजे मोहोळ तालुका. हे लक्षात ठेवा कारण बाहेरच्या लोकांना वाटतं ते मूळचे सांगोल्याचे. नाही, माणूस शेजारच्या तालुक्यातून आलेला, शिकून वकील झालेला, धनगर समाजातला, आणि पक्ष कुठला तर शेतकरी कामगार पक्ष. हा पक्ष काँग्रेसमधूनच फुटून निघालेला, केशवराव जेधे, शंकरराव मोरे वगैरे मंडळींचा. म्हणजे हातात सत्ता नाही, पैसा नाही, साखर कारखाना तर नाहीच नाही. सोलापूर जिल्ह्यात कारखाना नसलेला पुढारी म्हणजे जवळजवळ बिनबैलाची गाडी.

१९६२ला पहिल्यांदा निवडून आले तेव्हाचं चित्र बघा, काँग्रेसच्या २६४ पैकी २१५ जागा आणि शेकापच्या फक्त १५. त्या १५ मधे सांगोला. मग १९६७ परत जिंकले. १९७२ला पडले. १९७४ला पोटनिवडणूक लागली त्यात परत आले, मग १९७८, १९८०, १९८५, १९९० सलग. १९९५ला पडले, आणि कितीने पडले तर १९२ मतांनी, शहाजीबापू पाटलांकडून, तेव्हा बापू काँग्रेसमधे होते. मग १९९९, २००४, २००९, २०१४. मोजून बघा, अकरा होतात. मधली वर्षं वजा केली तरी सभागृहात पन्नासेक वर्षं भरतात. २०१२ला आमदारकीची पन्नास वर्षं म्हणून विधिमंडळात त्यांचा सत्कार झाला होता, सगळ्या पक्षांनी मिळून केलेला.

इथे एक दुरुस्ती, कारण प्रत्येक व्हॉट्सॲप फॉरवर्डमधे 'देशातला विक्रम' असं येतं. महाराष्ट्रापुरतं ठीक आहे. देशात म्हणाल तर केरळमधे के. एम. मणी पाला या एकाच मतदारसंघातून १३ वेळा जिंकलेत, ओमन चंडी पुथुपल्लीतून १२ वेळा. करुणानिधीसुद्धा १३ वेळा आमदार पण ते वेगवेगळ्या मतदारसंघांतून. त्यामुळे आबासाहेबांचं मोठेपण सांगायला तो विक्रम चिकटवायची गरज नाही, आणि मला तर ते दोन पराभवच जास्त महत्त्वाचे वाटतात. १९९५ला १९२ मतांनी पडले तेव्हा वय ६८, दुसरा कुणी असता तर मुलाला पुढे करून घरी बसला असता, किंवा सरळ सत्तेतल्या पक्षात उडी. यांनी पक्ष बदलला नाही, मतदारसंघ बदलला नाही, चार वर्षं तीच गावं परत फिरले आणि ९९ला त्याच बापूंना पाडून आले. माझा शेकापवाला मामा म्हणतो की आबासाहेब पडले तरी लोक दाखला, सातबारा, कॅनॉलची तक्रार घेऊन त्यांच्याकडेच जायचे. मामाच्या बोलण्यात भक्ती किती आणि खरं किती ते तुम्ही ठरवा, पण दुसरा मामासुद्धा यावर गप्प बसायचा, यावरून मी काय ते समजलो.

आता काम. सांगोल्यात काम म्हणजे पाणी, बाकी सगळं नंतर. हा तालुका माणदेशातला, पावसाच्या आडोशाला पडलेला, माण नदी नावाला नदी, पूर आला की बातमी होते. कृष्णेचं पाणी आपल्या पश्चिमेच्या बाजूने खालून वाहून जातंय आणि आपण उंचावर, म्हणजे पाणी उचलूनच आणावं लागणार, हे सगळ्यांना माहीत होतं, पण उचलायला पैसा कोण देणार? १९९३ पासून आटपाडीला पाणी परिषद भरायला लागली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर आणि गणपतराव, ही तीन नावं त्यात कायम. मागणी अशी की दुष्काळी १३ तालुक्यांना कृष्णेचं पाणी मिळालंच पाहिजे आणि नुसतं मिळून नाही, वाटणी समन्यायी पाहिजे, म्हणजे ज्याची जमीन जास्त त्यालाच पाणी जास्त असं नको, प्रत्येक कुटुंबाला हिस्सा. आज ऐकायला सोपं वाटतं. तेव्हा ऊसवाल्या पट्ट्यातल्या पुढाऱ्यांना ही भाषा अजिबात पचत नव्हती. त्यात कृष्णेचं पाणी राज्याराज्यांत वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने ठरवून दिलेलं पाणी २००० सालापर्यंत वापरलं नाही तर हातचं जाईल अशी भीती होती, म्हणून मग १९९६ला कृष्णा खोरे महामंडळ निघालं आणि टेंभू, म्हैसाळ ह्या उपसा योजनांच्या कामांना वेग आला. टेंभू म्हणजे कराडजवळून पाणी टप्प्याटप्प्याने पंपाने चढवत आणायचं, कडेगाव, खानापूर, आटपाडी करत सांगोल्याकडे. सांगोला जवळजवळ शेवटी.

आणि शेवटी असणं हेच सांगोल्याचं खरं दुखणं आहे. नीरा उजवा कालवा घ्या, त्याचंही सांगोला टेललाच, म्हणजे कालव्याच्या शेवटाला. वरचे लोक पाणी उपसून घेणार, खाली कागदावर पाणी आणि फाट्यात धूळ. म्हणून 'टेल टू हेड' पाणी द्या, आधी शेवटच्याला मग वरच्याला, ही घोषणा तिथल्या पोराटोरांना पाठ असते. आबासाहेबांनी आयुष्यभर सभागृहात काय केलं असं एका वाक्यात विचाराल तर मी म्हणेन हेच, टेलच्या माणसाचा प्रश्न हेडला बसलेल्यांना दर अधिवेशनात ऐकवला. एकच प्रश्न सतत विचारायचा, आकड्यांसकट, कंटाळा येईपर्यंत. सरकारला कंटाळा येईपर्यंत म्हणतोय मी.

दुसरं काम सूतगिरणी. तालुक्यात कापूस पिकत नाही आणि तिथे शेतकरी सहकारी सूतगिरणी काढली आणि ती चालवून दाखवली, राज्यात बाकीच्या सहकारी सूतगिरण्या धडाधड बंद पडत होत्या, कर्जात बुडत होत्या तेव्हा. मला यातलं अर्थकारण फार कळत नाही पण एवढं दिसतं की ज्या गावात दुष्काळ पडला की लोक ऊसतोडीला नाहीतर पुण्या-मुंबईला जायचे, तिथे बारा महिने हातात पगार देणारी एक जागा झाली. आणि मतदारसंघ टिकवायला हे एसटीच्या पासपेक्षा जास्त उपयोगी पडतं, हे बोलायला कुणाला आवडत नाही कारण त्याने गोष्टीतली भाबडी मजा जाते.

डाळिंबाचं श्रेय मात्र मी त्यांना एकट्याला देणार नाही. रोजगार हमीतून फळबागांना अनुदान १९९० नंतर राज्यभर मिळालं, आणि सांगोल्याच्या माळरानावर डाळिंब जमतं हे शेतकऱ्यांनीच करून करून शोधलं, पुढे तेल्या रोगाने बागाच्या बागा गेल्या तेव्हा परत उभं राहिले तेही शेतकरीच. २०२०च्या डिसेंबरात देशातली शंभरावी किसान रेल्वे सुटली ती सांगोल्यातूनच, थेट पश्चिम बंगालला. तेव्हा आबासाहेब आमदार नव्हते. पुढाऱ्याच्या नावावर अख्खा तालुका लिहून टाकायची आपल्याला सवय आहे, ती जरा सोडू.

मंत्री होते का? हो, दोनदा. १९७८ला शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीच्या सरकारात, आणि ९९ला विलासराव देशमुखांच्या. त्याआधी १९७७-७८ला विधानसभेत विरोधी पक्षनेतेही होते. म्हणजे 'सत्ता कधी शिवलीच नाही' हे जे लिहितात तेही पूर्ण खरं नाही. पण बहुतेक काळ विरोधी बाकावर, आणि माझा बापूंवाला मामा यावरच बोट ठेवायचा: पन्नास वर्षं विरोधात बसून प्रश्न विचारलात, सत्तेत असता तर पाणी वीस वर्षं आधी आलं असतं. हा मुद्दा मला अगदीच हसण्यावारी नेता येत नाही. कारण तिकडे ज्यांच्याकडे मुख्यमंत्री, पाटबंधारे खातं होतं त्यांच्या तालुक्यात कॅनॉल आधी गेले हे उघड दिसतं. उलट शेकापवाल्या मामाचं म्हणणं, सत्तेतले आमदार शेजारच्या दुष्काळी तालुक्यांतही होतेच की, त्यांनी कुठं लवकर आणलं? दोघांचं भांडण कधी मिटलं नाही, मीही मिटवू शकणार नाही.

अजून एक गोष्ट खटकते. एवढ्या वर्षांत पक्ष काही वाढला नाही. २०१४ला ते ८८ वर्षांचे असताना पंचवीस हजारांच्या वर मतांनी निवडून आले, तेव्हा राज्यभरात शेकापचे आमदार तीन. दुसरी फळी तालुक्यात होती पण तालुक्याबाहेर काय? २०१९ला वयामुळे त्यांनी उभं राहायचं नाही ठरवलं, तर उमेदवारी शेवटी गेली नातवाकडे, अनिकेत देशमुखांकडे. घराणेशाही म्हणा की कार्यकर्त्यांचा आग्रह म्हणा, बाहेरून बघताना दोन्ही सारखंच दिसतं. ते ७६८ मतांनी पडले, आणि समोर कोण तर शहाजीबापूच, यावेळी शिवसेनेकडून. हेच ते बापू, 'काय झाडी, काय डोंगार'वाले. सगळ्या महाराष्ट्राला ते २०२२ला गुवाहाटीच्या फोनवरून कळले, सांगोल्याला पंचवीस-तीस वर्षं आधीपासून माहीत होते.

३० जुलै २०२१ला आबासाहेब सोलापुरात गेले, ९५ पूर्ण व्हायला थोडेच दिवस बाकी होते. २०२४ला दुसरे नातू, डॉ. बाबासाहेब देशमुख, बापूंना पंचवीस हजारांच्या वर मतांनी पाडून आमदार झाले, अख्ख्या राज्यात शेकापचा एकमेव. निकालाच्या दिवशी मी शेकापवाल्या मामाला फोन केला, म्हटलं अभिनंदन, गुलाल उधळला का? तर म्हणे उधळला की, आता ठेव फोन, फाट्याला पाणी सुटलंय, बारी माझी आहे.