मक्याच्या बुडाशी आलेले फुटवे काढावेत का?

नका काढू.

तुम्ही लिहिलंय की इंदिरानगरच्या घरामागे कंपाउंडच्या भिंतीलगत स्वीट कॉर्नची 22 रोपं एका ओळीत लावलीत, गुडघ्याएवढी झालीत, बुडाशी दोन-दोन फुटवे आलेत आणि शेजारचे काका म्हणतात, "खुडा, मुख्य ताटाचं खातात." काका द्राक्षवाले असणार, पैज लावते! आपल्या नाशकात फूट दिसली की हात शिवशिवतात. छाटणीनंतर फेलफुटी (घड नसलेल्या फुटी) काढायच्या, मग पानांच्या बगलेतल्या बगलफुटी काढायच्या, टोमॅटो बांधला की त्याच्याही बगला खुडायच्या. माझं माहेर मखमलाबादचं, बागेतच वाढले, म्हणून पहिल्या वर्षी मीही अर्ध्या वाफ्यातले फुटवे मोडले. दोन ताटं त्या ओढाओढीत मुळासकट हलली आणि पुढच्या वाऱ्या-पावसात तीच आधी आडवी झाली. कणसं दोन्हीकडची सारखीच निघाली. दादा हसून म्हणाले, "अगं, तो वेल नाही, गवत आहे."

खरंच गवत आहे. वेलीवर फुटींची गर्दी झाली की घडांवर सावली पडते, भुरीला, म्हणजे पांढऱ्या बुरशीच्या रोगाला, आयतं घर मिळतं. मक्याचे फुटवे मात्र गव्हा-भातासारखे बुडाच्या पेऱ्यांतून येतात. त्यांना स्वतःची पानं असतात, मुळंही फुटतात. ते आपलं अन्न आपण करतात. जागा ऐसपैस, माती कसदार आणि नत्र भरपूर असलं की ते जास्त येतात. म्हणजे तुमची रोपं खाऊन-पिऊन सुखी आहेत.

एक मात्र बघा. एखाद्याच रोपाला अचानक फुटवे आले आणि मधला पोंगा (शेंड्याची गुंडाळलेली कोवळी पानं) वाळला असेल, तर शेंडा खोडकिड्याने खाल्लेला असू शकतो. पोंग्यात ओल्या भुशासारखी विष्ठा आणि पानांना भोकं दिसली तर लष्करी अळी समजा. 2018 साली ती भारतात पहिल्यांदा दिसली, आता परसबागही सोडत नाही. घरची थोडीच रोपं असतात, सकाळी हाताने वेचा.

मला काळजी फुटव्यांची नाही, तुमच्या एका ओळीची आहे. कणसाचा एक-एक केस म्हणजे एक-एक दाणा. तुऱ्यातला पराग वाऱ्याने त्या केसावर पडला तरच दाणा भरतो, नाहीतर कणीस बोळकं. एका ओळीत बराच पराग वाऱ्याने बाहेरच वाया जातो. पुढच्या वेळी तीच रोपं चार-पाच ओळींच्या चौकोनात लावा. यंदा तुरे फुटले की सकाळी ताटं हलकेच हलवा, आठवडाभर रोज. फुटव्यांचा तुरा बहुधा जरा उशिरा येतो, मागे राहिलेल्या केसांना तोच पराग उपयोगी पडतो. त्या तुऱ्यातच कधी चार दाणे धरतात. दिसायला विचित्र, पण रोग नाही.

आत्ता काही करायचंच असेल तर बुडाला मातीची भर लावा, थोडा युरिया देऊन पाणी द्या. केस बाहेर आल्यापासून साधारण 20 दिवसांनी, ते वाळून तपकिरी झाले की एक दाणा नखाने दाबून बघा. दूध निघालं की तोडा. पण आधी गॅसवर पाणी ठेवा, मग कणीस तोडायला जा. तोडल्यापासून साखर कमी व्हायला लागते.

फुटव्यांना कणसं बहुतेक धरणार नाहीत. तोडणी झाली की सगळी हिरवी ताटं जवळच्या गोठ्यात द्या, गाई तुटून पडतात.