चोर बाजारात मिळालेलं, मुठी दाबल्यावर उघडणारं हे हत्यार कशाचं आहे?

आधी एक: ग्राइंडरवर वायर ब्रश लावून ते चकाचक करायचा विचार सोडा. बाकीचं नंतर.

तुम्ही लिहिलंय की दिसायला पक्कड, पण मुठी दाबल्या की जबडे मिटण्याऐवजी उघडतात, टोकांना बेचकी आहे आणि मुठीजवळ दात्यांची पट्टी. विकणाऱ्याने पिस्टन रिंगचा चिमटा म्हणून दिलं. तो चिमटा नाही. साइड व्हॉल्व इंजिनाचा, म्हणजे ज्याचे व्हॉल्व वर हेडमध्ये नसून बाजूला ब्लॉकमध्ये असतात त्याचा, व्हॉल्व लिफ्टर आहे: व्हॉल्व काढताना स्प्रिंग दाबून धरणारं हत्यार. रिंगचा चिमटा पातळ असतो, त्याला दात्यांची गरजच नसते. इथे दाते का आहेत ते ज्याने काम पाहिलंय त्यालाच कळतं.

माझे वडील लालबागला एका गॅरेजमध्ये होते, बहुतेक काम जीपचं. जुन्या जीपचे आठही व्हॉल्व ब्लॉकमध्ये उभे. हेड उतरवायचं, बाजूचं झाकण काढायचं, मग लिफ्टरची खालची बेचकी टॅपेटवर (व्हॉल्वला खालून ढकलणारा दांडा), वरची स्प्रिंगच्या वाटीखाली. मूठ दाबली की स्प्रिंग वर दबते, दाते अडकतात, आणि दोन्ही हात कॉटर, म्हणजे ती वाटी व्हॉल्वच्या दांडीला अडकवून ठेवणारे छोटे तुकडे, काढायला मोकळे होतात. त्याआधी वडील खालच्या भोकांत फडकी कोंबायचे, कारण कॉटर ऑइल चेंबरमध्ये पडला की चेंबर उतरवा. बसवताना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाला ग्रीस लावून त्यावर कॉटर चिकटवायचा. मी बारा वर्षांचा, हातात दिवा धरून उभा. एका व्हॉल्वला दोन अर्धे कॉटर, म्हणजे एकूण सोळा. वडील सोळा मोजल्याशिवाय जेवायला बसत नसत.

त्यांच्या लिफ्टरची खालची बेचकी टॅपेटवर नीट बसत नव्हती, म्हणून एका बाजूने त्यांनी ती कानशीने घासून बारीक केली होती. तिरके ओरखडे स्पष्ट दिसायचे.

वडील गेल्यावर मी महिनाभर गावी होतो. परत आलो तर हत्यारांची पेटी गायब. थोरल्या भावाने गोणीत भरून भंगारवाल्याला किलोवर दिली होती. म्हणाला, रिंगचा चिमटा तो, नवा कुठेही मिळतो, आणि साइड व्हॉल्वच्या गाड्या आता राहिल्यात कुठे? आजही गणपतीला विषय निघाला की हेच. दादा, हॉर्निमन सर्कलला व्हिंटेज गाड्यांची रॅली भरते तेव्हा एकदा येऊन बघ. त्या गाड्यांचे व्हॉल्व काय हाताने निघतात? नंतर कित्येक शुक्रवारी पहाटे मी चोर बाजारात रस्त्यावर मांडलेले ढीग उपसलेत. मिळाला नाही.

सोबतच्या पान्यावर ३/८ डब्ल्यू आहे म्हणता, आणि तो कुठल्याच नटाला बसत नाही. बसणार नाही. डब्ल्यू म्हणजे व्हिटवर्थ, जुनं इंग्रजी माप. व्हिटवर्थच्या पान्यावर तोंडाचं माप नसतं, बोल्टच्या जाडीचं असतं. तोंड ०.७१० इंच, म्हणजे १८ मिलिमीटरच्या आसपास. बोल्टच्या आट्यांची ही पद्धत जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली मांडली, आट्याचा कोन ५५ अंश. असा पाना विलायती गाडीचा. अमेरिकन जीपला तो लागत नाही. मॉरिसच्या जुन्या इंजिनांची तर तऱ्हाच वेगळी: आटे मिलिमीटरचे आणि बोल्टची डोकी व्हिटवर्थची. तेव्हा दोन्ही वस्तू एकाच पेटीतल्या असतील तर मॉरिसचा किंवा सुरुवातीच्या साइड व्हॉल्व लँडमास्टरचा (मॉरिसवरून इथे बनलेली हिंदुस्तान मोटर्सची गाडी) मिस्त्री असावा. पण ढिगात दहा पेट्या एक होतात, त्यामुळे पान्यावरून लिफ्टरची गाडी ठरवू नका.

साफ करायचं तर रात्रभर डिझेलमध्ये ठेवा आणि पितळी ब्रशने हलकं घासा. छाप असेल तर मुठीच्या आतल्या बाजूला बघा. वायर ब्रशने छाप जातो आणि वापराच्या खुणाही जातात. फोटोत टोकं नीट दिसत नाहीत हेही सांगतो. बेचकीऐवजी टोकांना बारीक खुंट्या निघाल्या तर ती सर्क्लिपची, म्हणजे खाचेत बसणारी स्प्रिंगची कडी काढायची, पक्कड, मग माझं वरचं म्हणणं सोडून द्या.

किंमतीचं मी सांगणार नाही. खालची बेचकी उजेडात धरा. एका बाजूने बारीक असेल आणि कानशीचे तिरके ओरखडे दिसले, तर घासू नका, विकू नका, आधी मला कळवा. तुम्ही सांगाल ती किंमत देईन.