घसरून पडले, असं डॉक्टरांना सांगू नका

या महिन्यातली बरीचशी पत्रं एकाच वळणाची आहेत. ‘शेजारीण म्हणते’, ‘मामेभाऊ कोर्टात असतो, तो म्हणाला’. त्यामुळे काही गोष्टी पुन्हा लिहाव्या लागताहेत. खाली ‘डीव्ही’ म्हटलंय तो कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा 2005 चा कायदा.

प्रश्न : घर सासऱ्यांच्या नावावर आहे. ‘तुझा इथे काडीचाही हक्क नाही, निघ’ असं रोज ऐकते. खरंच हक्क नाही का?

मालकीचा नाही, राहण्याचा आहे. सासऱ्यांच्या घरात सुनेला हक्क नाही, हा समज 2006 च्या एका निकालामुळे पसरला. सर्वोच्च न्यायालयाने 15 ऑक्टोबर 2020 रोजी सतीशचंद्र आहुजा प्रकरणात तो निकाल चुकीचा ठरवला. तुम्ही जिथे नांदलात ते घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी डीव्हीखाली राहण्याचा हक्क मागता येतो, आणि कायदेशीर मार्गाशिवाय तुम्हाला बाहेर काढता येत नाही. मात्र सासू-सासरे वृद्ध असतील तर कोर्ट त्यांचीही बाजू बघतं. कधी नवऱ्याला दुसरी जागा किंवा भाडं द्यायला सांगतं. तेव्हा बॅग भरण्याआधी कागद वकिलाला दाखवा.

प्रश्न : मी माहेरी आले आहे. केस सासरच्या गावीच करावी लागेल का?

नाही. तुम्ही तात्पुरत्या जिथे राहता तिथेही करता येते.

प्रश्न : एकाने बारा हजार घेऊन स्टँपपेपरवर नोटरीसमोर फारकत करून दिली. आता मी मोकळी ना?

नाही. पैसे घेणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, म्हणूनच चीड येते. काही समाजांत रूढीने काडीमोड मान्य आहे, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. नोटरीच्या शिक्क्याने लग्न मोडत नाही. या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न ठरवू नका, आणि त्यात ‘पोटगी मागणार नाही’ असं लिहून दिलं असेल तर तो आधी वकिलाला दाखवा. वकिलाच्या फीची चिंता असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : नवऱ्याने दोनदा मारलं. अंगावर आता खूण नाही. घरचे म्हणतात, सहा महिने थांब, सुधारेल. थांबू का?

घर सोडायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं. नोंद करायला मात्र एक दिवसही थांबू नका.

मागे एक ताई प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन आल्या होत्या. रेशनकार्डाची झेरॉक्स, लग्नपत्रिका, आणि सरकारी दवाखान्याचे तीन केसपेपर. तिन्हींवर एकच ओळ : ‘बाथरूममध्ये घसरून पडल्याने दुखापत’. एकदा हात मोडला होता, एकदा भुवईवर टाके. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा नवरा शेजारीच उभा होता. पुढे उलटतपासणीत समोरच्या वकिलाने तेच तीन कागद त्यांच्यापुढे धरले.

म्हणून हात जोडून सांगते, डॉक्टरांना खरं सांगा. ‘नवऱ्याला बाहेर थांबवा’ म्हणा. कोणी, कधी, कशाने मारलं ते केसपेपरवर लिहून घ्या. पोलीस जबाबाला आले तर तिथेही तेच सांगा. आधी तक्रार केलेली नाही म्हणून दवाखाना उपचार नाकारू शकत नाही.

खूण नसली तरी अडत नाही. शिवीगाळ, धमकी, पगार काढून घेणं, घरखर्च बंद करणं, हाही या कायद्याने हिंसाचारच आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे, म्हणजे याच कायद्याखाली नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जा. ते घटनेचा अहवाल नमुन्यात भरून घेतात, त्याला पैसे पडत नाहीत. ‘फॉर्म भरून देतो, पाच हजार द्या’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

थांबण्याची किंमतही पैशात मोजून बघा. पहिली तारीख तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, म्हणून अंतरिम पोटगी, म्हणजे निकाल लागेपर्यंतची पोटगी, पहिल्याच दिवशी मागा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरतात. अर्ज सहा महिन्यांनी केला, तर ते सहा महिने तुमच्या पदरचे गेले. जिवाला धोका वाटत असेल तर यातलं काहीही वाचत बसू नका, 112 लावा.

प्रश्न : पोलिसांनी फक्त एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतली. आता डीव्ही करता येणार नाही, असं ऐकलं.

चुकीचं ऐकलंत. डीव्हीचा अर्ज थेट मॅजिस्ट्रेटकडे होतो. एनसीची प्रत मागून घ्या आणि अर्जाला जोडा.

प्रश्न : सासरच्या छळाचं 498-अ कलम आणि डीव्ही, दोन्ही करता येतात का?

येतात. 1 जुलै 2024 पासून 498-अ ऐवजी भारतीय न्याय संहितेचं कलम 85 लागतं. तो फौजदारी गुन्हा आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आधी काय करायचं हे तुमची हकीकत ऐकल्याशिवाय कुणीही सांगू नये, मीही सांगणार नाही.

प्रश्न : मी अविवाहित आहे, भाऊ मारतो. हा कायदा फक्त सुनांसाठीच ना?

नाही. एका घरात राहणारी बहीण, आई, मुलगी, सगळ्यांसाठी आहे. संरक्षण अधिकाऱ्याला याच आठवड्यात भेटा.