काता रांदोरीत लागत नाही, मग करायचा कशाला?

म्हापशात दीड वर्ष ज्युडो शिकताय, सर नागे-नो-काता (काता म्हणजे आधीच ठरलेल्या क्रमाने जोडीने करायचा सराव, हा फेकींचा) घोटवून घेतात, पण रांदोरीत, म्हणजे मोकळ्या सराव-लढतीत, त्यातला एक डावही लागत नाही, अशी तुमची तक्रार आहे. जसाच्या तसा तो लागणारच नाही. आपल्याकडे कुस्तीच्या जागेला तालीम म्हणतात आणि नाटकाच्या सरावालाही. काता ही दुसऱ्या जातीची तालीम! पुढे काय येणार ते पाठ असतं, म्हणून सगळं लक्ष तोल आणि वेळेवर देता येतं.

नागे-नो-कातात 15 फेकी, तीन-तीनचे पाच गट, प्रत्येक फेक दोन्ही बाजूंनी. त्यातली ओकुरी-आशी-हाराई, म्हणजे सरकता पाय झाडून टाकायची फेक, घ्या. फेकणारा तो तोरी, फेकला जाणारा तो उके. दोघं तोरीच्या उजवीकडे आडवी पावलं टाकतात, तिसऱ्या पावलाला झाडू, म्हणजे पायाने पाय झाडणं. उकेचा उजवा पाय डाव्याजवळ येत असतो, अजून त्यावर भार पडलेला नसतो, त्या क्षणी तोरीचा डावा तळपाय त्याला घोट्याच्या बाहेरून ढकलतो आणि हात वर उचलतात. उशीर झाला की भार पडलेल्या पायावर लाथ बसते, दोघांचेही घोटे सुजतात.

माझ्या मते काता बिघडवतो तो बहुधा उके. फेक येणार हे माहीत असल्याने तो आधीच उडी मारतो, आणि तोरीला कुझुशी, म्हणजे तोल मोडणं, कधी जमतच नाही. तपासायला सोपं आहे: तिसऱ्या पावलाला हात नेहमीसारखे वापरा, पाय मारू नका. उके आरामात उभा राहिला तर आजवर तोच स्वतःला फेकून घेत होता.

मग तीच फेक कात्याबाहेर काढा. उकेने वेग बदलावा, कितव्या पावलाला झाडू येणार ते तोरीने सांगू नये. शेवटी दोन मिनिटांची रांदोरी, तोरीला फक्त तेवढी एकच फेक. आठवड्यातून दोनदा पंधरा मिनिटं, एका वेळी एकच गट, एवढं पुरे. काता-गुरुमाला, म्हणजे खांद्यांवर उचलून टाकायच्या फेकीला, जोडीदार आपल्याच वजनाचा घ्या. शेवटचे दोन गट, विशेषतः उरा-नागे (स्वतः मागे पडत उकेला मागे टाकायची फेक), उकेमी, म्हणजे इजा न होता पडायची पद्धत, पक्की झाल्याशिवाय नकोत. सुरुवातीला खाली जाड गादी हवीच.

आणि पावसाळ्यात आपल्याकडे मॅट दमट होते, तळपाय सरकायऐवजी चिकटतो, पायाची करंगळी मुरगळते. झाडूच्या आधी कोरड्या फडक्याने मॅट पुसून घ्या.