चाळीस मिनिटांचा उशीर

बडोदा, रविवार

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा आमच्या ओट्यावर बसून तू लॅपटॉपवर तुझं काम, म्हणजे लष्करी विमानांच्या फेऱ्यांच्या वेळा लावणारा प्रोग्रॅम, दाखवलंस, तेव्हा मी फारसं बोललो नाही. काकांना आवडलं नाही असं वाटून घेऊ नकोस. आवडलं. सगळी माहिती खोटी भरून आणली होतीस, खरं काही घरी आणत नाहीस, हे पाहून तर फारच बरं वाटलं. पण जे सांगायचं होतं ते चहा पिता पिता सांगण्यासारखं नव्हतं.

लहानपणी तू गच्चीवर उभी राहून विमानं मोजायचीस. तेव्हा आपल्याकडच्या हवाई दलाच्या ११ नंबर स्क्वाड्रनकडे अॅव्रो ही मालवाहू विमानं होती, आता सी-२९५ आहेत. मागवलेल्या ५६ सी-२९५ पैकी ४० विमानं तर इथेच, बडोद्यात जोडायची ठरली आणि २८ ऑक्टोबर २०२४ ला त्या कारखान्याचं उद्घाटन झालं. अशा गावातली मुलगी लष्करी हवाई वाहतुकीचं सॉफ्टवेअर लिहिते याचं मला मनापासून कौतुक आहे. म्हणूनच तुझ्या त्या एका बटणाबद्दल बोलतो.

विमानाला उशीर झाला की बटण दाबायचं, पुढच्या सगळ्या वेळा आपोआप सरकतात. दिसायला फार छान. आता चंदीगडहून सकाळी लेहला जाणारं विमान घे. माल चढवताना चाळीस मिनिटं जास्त लागली. तुझा प्रोग्रॅम लेहला पोचायची वेळ चाळीस मिनिटांनी पुढे नेतो आणि पुन्हा सगळं हिरवं दाखवतो. पण लेहची धावपट्टी साडेदहा हजार फुटांच्या वर आहे. तिथली हवा आधीच विरळ, ऊन चढलं की आणखी विरळ होते. पंखांना उचल मिळत नाही, इंजिनाची ताकद घटते, दुपारी दरीत वारा सुटतो. म्हणून तिथलं काम सकाळीच उरकायचं असतं. ती वेळ टळली की विमान आज जातच नाही. मग भरलेला माल उतरवायचा की तसाच ठेवायचा? क्रूची ड्यूटी तर पहाटे रिपोर्ट केल्यापासून मोजली जाते. उद्या हेच विमान दुसऱ्या कामाला लावलेलं. लेहला माल उतरवून घ्यायला माणसं ताटकळलेली, परतीच्या फेरीत एक आजारी जवान यायचा होता. चाळीस मिनिटांचा एक दिवस झाला, आणि पडदा हिरवाच.

म्हणून वेळा सरकवायच्या आधी काय मोडलं ते सांग. 'हा क्रू परत येईपर्यंत ड्यूटीची मर्यादा ओलांडेल.' 'हा माल या विमानात बसतो, पण राखीव विमानात बसत नाही.' 'त्या तळाची परवानगी आजपुरतीच आहे.' एवढं स्पष्ट समोर आलं तर निर्णय ड्यूटीवरचा माणूस घेईल. तो त्याचाच अधिकार आहे आणि जबाबदारीही त्याचीच. पर्याय मांडायला माझी हरकत नाही, पण त्याने मान्य केल्याशिवाय एकही वेळ बदलू नये.

तळावरच्या जागेचंही असंच. तू पार्किंगच्या जागा मोजल्यास. चार विमानं उभी राहतात, म्हणून क्षमता चार. पण फोर्कलिफ्ट एकच असेल तर? इंधनाची गाडी एकच असेल तर? मग तिथली खरी क्षमता एक. बाकीची तीन नुसती उभी राहणार, आणि पाचवं डोक्यावर घिरट्या घालणार.

बर्लिनचा हवाई पूल वाच. रशियाने जमिनीवरचे रस्ते अडवले तेव्हा जून १९४८ पासून सुमारे पंधरा महिने विमानांनी एक शहर जगवलं, सुमारे २३ लाख टन माल नेला. १३ ऑगस्ट १९४८ ला तिथे मोठा घोटाळा झाला. ढग खाली उतरलेले, पाऊस, एक विमान धावपट्टीवरून पुढे जाऊन पेटलं, आणि मागून येणारी विमानं शहरावर एकावर एक थर करून फिरत राहिली. मोहिमेचे प्रमुख विल्यम टनर स्वतः त्या गर्दीत हवेत होते. त्यांनी सगळ्यांना परत पाठवलं. पुढे नियमच झाला की पहिल्या प्रयत्नात उतरता आलं नाही तर दुसरा प्रयत्न नाही, माल घेऊन सरळ माघारी. एका विमानाची फेरी फुकट गेली तरी चालेल, रांग अडता कामा नये. कॉम्प्युटर नसताना हे चाललं ते असल्या नियमांवर. तुझ्या प्रोग्रॅममध्ये रांगेचा असा नियम लिहायला जागाच नाही, ती कर.

आता वेळांबद्दल. ठरलेली वेळ, अंदाजाची वेळ आणि प्रत्यक्ष झालेली वेळ, या तिन्ही वेगळ्या ठेव. तुझ्याकडे नवा अंदाज आला की जुनी ठरलेली वेळ पुसली जाते. मग उशीर किती झाला हे कोणालाच सांगता येत नाही. आणि प्रत्येक वेळेसोबत ती कुणी कळवली, केव्हा कळवली हेही दिसू दे. दोन तासांपूर्वीची बातमी आणि आत्ताची बातमी एकाच रंगात दाखवू नकोस.

तारीख आणि झुलू टाइम, म्हणजे सगळ्या जगाची एकच प्रमाण वेळ, जिच्यापुढे झेड लिहितात, ती तर कधीच सोडू नकोस. बडोद्यात २८ तारखेची रात्रीची एक वाजते तेव्हा झुलूत २७ तारखेचे साडेसात, म्हणजे १९३० झालेले असतात. एका जुन्या नोकरीत माझ्या हातात संदेश आला, त्यात फक्त २०३० लिहिलं होतं. पुढे झेड नाही, तारीख नाही. मी ती आपली भारतीय वेळ समजून संध्याकाळी क्रू बोलावला. माल यायचा होता रात्री दोनला. तो चढून होईपर्यंत क्रूची ड्यूटी संपत आली, दुसरा क्रू नव्हता, विमान गेलं नाही. पत्र्याच्या शेडमध्ये बर्फात ठेवलेल्या औषधांचे खोके होते. सकाळी पाहिलं तर बर्फ वितळून सिमेंटवर प्रत्येक खोक्याखाली एकेक ओला चौकोन उमटला होता. किती वर्षं झाली, ते चौकोन अजून दिसतात मला. तुझ्या पडद्यावर झेड नसलेली वेळ स्वीकारलीच जाऊ नये, एवढं माझ्यासाठी कर.

आणखी एक काम सांगतो. परवानगी मिळाली तर तीन-चार रात्री ड्यूटीवरच्या माणसाशेजारी बस. पडद्याकडे कमी बघ, त्याच्या हाताखालच्या कागदाकडे जास्त बघ. समोर एवढं मोठं सॉफ्टवेअर असताना तो पेन्सिलीने बाजूला काहीतरी टिपत असतो. कुणाला फोन करायचा राहिलाय, कुठल्या विमानाच्या टायरबद्दल इंजिनियर काय म्हणाला, कुठला माल आधी काढायचा म्हणून मागे ठेवलाय. तो हे कागदावर लिहितो, कारण तुमच्या पडद्यावर त्याला जागा नाही.

कागद तिथेच राहू दे, त्यातला एक शब्दही बाहेर आणू नकोस. फक्त कोणत्या प्रकारच्या नोंदी होत्या त्याची यादी मनात ठेव आणि बटणाचं काम तोवर थांबव. पुढच्या रविवारी सकाळीच ये, काकू उपमा करणार आहे.

तुझा,
काका