वीकली ऑफला सिक्युरिटीची ड्युटी केली तर चालते का?

प्रश्न: सर, माझे मिस्टर पुणे शहरात पोलीस शिपाई आहेत. सिंहगड रोडचा एक मंगल कार्यालयवाला त्यांना लग्नसराईत ऑफच्या दिवशी संध्याकाळी सिक्युरिटीला बोलावतोय, वर्दी नको म्हणतो, पैसे रोख. आणि मी घरून डबे सुरू करायचं म्हणतेय. नोकरीला काही होणार नाही ना?

उत्तर: ताई, डब्यांचं नंतर बघू, आधी कार्यालयवाल्याला नाही म्हणून कळवा. ऑफ आहे म्हणजे पोलीस मोकळा, असं नसतं हो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम २८ प्रमाणे पोलीस कायम ड्युटीवरच धरतात (गणपतीत ऑफ कसा जातो ते तुम्हाला मी काय सांगू), आणि सरकारी नोकरांच्या वर्तणूक नियम १९७९ चा नियम १६ म्हणतो की सरकारची आधी मंजुरी घेतल्याशिवाय दुसरी नोकरी नाही, धंदा नाही. वर्दी नको, पैसे रोख, याने काही सुटत नाही. उद्या कुणी पिऊन राडा केला आणि मिस्टरांनी त्याची कॉलर धरली तर ते तिथे पोलीस म्हणून होते की कार्यालयवाल्याचा माणूस म्हणून? व्हिडिओ तर निघणारच. मग डीई, म्हणजे खात्याची चौकशी, आणि पोलीस अधिनियमाच्या कलम २५ खाली शिक्षा पार बडतर्फीपर्यंत जाऊ शकते. कार्यालयवाल्याला पोलीसच हवेत ना, मग कलम ४७ खाली आयुक्तांकडे अर्ज करावा, जादा पोलीस मिळू शकतात, खर्च त्याने रीतसर भरायचा.

डबे तुम्ही खुशाल करा, धंदा तुमचा आहे. मिस्टरांनी फक्त ऑफिसला लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. खरी गोची पुढे आहे. ठाण्यात चहा पिता पिता 'आमच्या हिचे डबे लावा की' म्हणणं, हद्दीतल्या दुकानदाराच्या हातात कार्ड देणं, हे बायकोच्या धंद्यासाठी गिऱ्हाईक गोळा करणं झालं आणि तो नियमाचा भंगच धरतात. बायकोच्या नावावर इन्शुरन्सची एजन्सी आणि पॉलिसी गळ्यात मारतो नवरा, तेही यातच येतं, कितीही जण करत असले तरी.

बाकी मिस्टर कधीमधी भजनात पेटी वाजवत असतील, एखादा लेख लिहीत असतील, तर त्याला आधी परवानगी लागत नाही, ड्युटी मात्र बुडता कामा नये.